फरशीखालचा आड

पत्राचा सारांश: पत्रलेखिका ५६ वर्षांच्या असून मराठीच्या शिक्षिका म्हणून नुकत्याच निवृत्त झाल्या आहेत. त्यांच्या माहेरच्या वाड्याच्या परसात एक आड होता. त्या पाच वर्षांच्या असताना, माहेरपणाला आलेल्या त्यांच्या २४ वर्षांच्या आत्याचा त्या आडात मृत्यू झाला. ‘पाणी शेंदताना पाय घसरला’ असे घराने सांगितले आणि गावाने ऐकून घेतले. पुढे १४ वर्षांनी, अखेरच्या आजारपणात, आजीने नातीला एकच वाक्य सांगितले, ‘तिचा पाय घसरला नव्हता,’ आणि त्यानंतर हा विषय घरात कधी निघाला नाही. निवृत्तीनंतर लेखिकेने कविता लिहायला घेतल्या, तेव्हा आड, डोह, तळ आणि चंद्र यांच्यापलीकडे काही सुचेना. पाच कवितांचा गुच्छ एका दिवाळी अंकाने स्वीकारला आहे. मात्र प्रतिमा सुंदर असल्या तरी कविता कशाविषयी आहेत ते उमगत नाही, थोडे उलगडून लिहाल का, अशी विचारणा संपादकांनी केली आहे. मोठ्या भावाने कविता वाचून ‘घराची अब्रू वेशीवर टांगू नकोस’ असे बजावले आहे. वडील ८४ वर्षांचे आहेत. आत्याची मुलगी त्या वेळी दोन वर्षांची होती. ती आता बडोद्याला असते आणि आईचा पाय घसरला एवढेच तिला आजही ठाऊक आहे. लेखिका विचारतात: पाण्याच्या आडून बोलणे हा भित्रेपणा आहे का? आणि घराचे गुपित उघड करण्याचा मला अधिकार आहे का?

प्रिय ताई,

तुमच्या पत्रातले एक वाक्य आधी बाजूला काढून घेते, कारण तुमचे दोन्ही प्रश्न त्याच्यावर उभे आहेत. ‘पाणी गुपित राखते, म्हणून मी पाण्याची प्रतिमा निवडली,’ असे तुम्ही लिहिले आहे. हे म्हणणे इतके सवयीचे आहे की ते तपासून पाहावे असे सहसा कुणाच्या मनात येत नाही. खोली, तळ, थांग, डोह हे शब्द आपण मनासाठी वापरतो आणि जे मनात दडवले ते पाण्यात दडवले असे नकळत धरून चालतो. पण आपली भाषा याला साक्ष देत नाही. कुणी काही लपवत असल्याचा संशय आला की आपण म्हणतो, ‘इथे कुठेतरी पाणी मुरते आहे.’ मुरणारे पाणी डोळ्यांना दिसत नाही हे खरे, परंतु ज्याच्या घराची भिंत एकदा ओलावली आहे त्याला माहीत असते की ते मुरते एका जागी आणि त्याची ओल उमटते भलत्याच खोलीत, कधी कधी दोन पावसाळ्यांनंतर. ‘आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार’ ही म्हण तर थेट तुमच्या परसातली आहे, आणि तिच्यातला आड काही दडवत नाही. त्याच्यात जे असेल तेच तो वर देतो. देहूची कथाही आठवून पाहा. इंद्रायणीत बुडवलेल्या तुकोबांच्या वह्या तेरा दिवसांनी वर आल्या, असे वारकरी परंपरा सांगते. ती चमत्कार म्हणून माना किंवा लोकांच्या मनातल्या न्यायाचे चित्र म्हणून वाचा, बुडवण्यासाठी वापरलेले पाणी तिथे बुडवणाऱ्यांच्या कामी आले नाही.

ग्रीकांची मिडास राजाची गोष्ट तुम्ही वर्गात कधीतरी सांगितली असेल. राजाला गाढवाचे कान आहेत हे एकट्या न्हाव्याला ठाऊक असते. कुणाला सांगायची सोय नाही आणि पोटात ठेवणेही जमत नाही, म्हणून तो जमिनीत खड्डा खणतो, त्यात ते गुपित कुजबुजतो आणि खड्डा बुजवून घरी जातो. त्या जागी उंच गवताचे बन उगवते आणि वारा सुटला की तेच शब्द बोलू लागते. आपल्याकडेही ही गोष्ट निराळ्या तपशिलांनी मुलांना सांगतात. मात्र मराठी वाचकाला तिच्यात एक जास्तीचा अर्थ सापडतो, कारण ओलसर जागी वाढणाऱ्या त्या जातीच्या गवताला आपण बोरू म्हणतो, आणि बोरूचीच लेखणी छाटून आपल्या आधीच्या कितीतरी पिढ्यांनी लिहिले.

तर मग तुमच्या घरातले गुपित राखले कुणी? याचे उत्तर तुमच्या पत्रातच आहे, आणि ते तुम्ही केवळ पार्श्वभूमी म्हणून, घाईघाईने चार ओळींत लिहून टाकले आहे. तेराव्यानंतर आजीने गवंडी बोलावून आडावर शहाबादी फरशी बसवून घेतली. रहाट उतरवला. पुढची आठ वर्षे, घरात नळ येईपर्यंत, ती देवळाजवळच्या विहिरीवरून पाणी आणत राहिली. आडाचा दोर तिने धुतला, वाळवला, माळ्यावर ठेवला आणि दुसऱ्या वर्षी तुमच्या भावाच्या मुंजीत मांडवाला तोच दोर बांधला. ताई, हे वाचून मी पत्र खाली ठेवले. घरात दुसरा दोर नव्हता म्हणून तो बांधला, की कुणी विचारू नये म्हणून, की घरात मंगल कार्य झाले आहे हे त्या दोरालाही कळावे म्हणून? मला ठाऊक नाही, आणि बहुधा तुम्हालाही नसेल. पण पाचही कवितांत फरशी नाही, रहाट नाही, दोर नाही, आठ वर्षे कळशी कमरेवर घेऊन चालणारी आजी नाही. आहे तो फक्त तळ, जो तुम्ही कधी पाहिलेला नाही.

तुमची ही दोन ओळींची सुरुवात घेऊ:

‘आडाच्या तळाशी चंद्र निजलेला,
पाण्याने त्याला कुशीत घेतलेला.’

लय चांगली आहे, आणि संपादकांना ओळी आवडल्या यात नवल नाही. तरीही माझे दोन आक्षेप आहेत. आड अरुंद आणि खोल असतो; त्याच्या पाण्यात चंद्र दिसायचा तर तो जवळजवळ माथ्यावर यावा लागतो. आपल्याकडे हिवाळ्यातल्या पौर्णिमेला मध्यरात्रीच्या सुमारास तो तसा येतो आणि थोड्याच वेळात काठाआड सरकतो. म्हणजे हा चंद्र पाहण्यासाठी कुणीतरी थंडीत, मध्यरात्री, एकटे काठावर वाकलेले असले पाहिजे. ते कोण होते? तुमच्या ओळीत ते माणूसच नाही, म्हणून चंद्र चित्रातला वाटतो. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे आणि तो मी स्पष्ट शब्दांत नोंदवते. ‘कुशीत घेतलेला’ हे मला मान्य होत नाही. २४ वर्षांची, दोन वर्षांच्या मुलीची आई, आणि तिच्या मृत्यूला आपण कुशीची उपमा देतो; याने दुःख सुसह्य होते ते आपले, मागे राहिलेल्यांचे. तिला काय सोसावे लागले त्यावर ही उपमा मऊ दुलई घालते. आणि हा अंक एखाद्या अशा मुलीच्याही हाती पडेल जी आज त्याच वळणावर उभी आहे. तिला आपण कवितेतून असे सांगता कामा नये की पाणी म्हणजे माहेर. फरशीने आडाचे तोंड झाकले आणि या ओळीने जे घडले ते झाकले. माझ्या मते झाकण्याचे काम दोन्हीकडे सारखेच झाले आहे.

आता तुमचा पहिला प्रश्न. पाण्याच्या आडून बोलणे भित्रेपणाचे आहे का, असे विचारताना तुम्ही जो शब्द वापरलात त्याकडे तुमचे लक्ष गेले असेल किंवा नसेल: मराठीत आड म्हणजे पाण्याची अरुंद विहीर, आणि आड म्हणजे मध्ये आलेले, झाकणारे. आडून बोलणाऱ्याला आपण भित्रा म्हणतो खरे, पण कवितेत आडून बोलण्याच्या दोन तऱ्हा असतात आणि त्यांच्यातला फरक ओळखणे हेच तुमच्यापुढचे खरे काम आहे. मी त्यांना गुपित आणि गूढ म्हणते. गुपितात लिहिणाऱ्याजवळ एक किल्ली असते आणि ती वाचणाऱ्याला दिलेली नसते. किल्ली मिळाली की कविता उलगडते आणि तिथेच संपते. गूढात किल्ली लिहिणाऱ्याजवळही नसते. तो जे दिसते ते नीट, नेमके दाखवतो आणि त्याच्यापुढे वाचणाऱ्याइतकाच अवाक उभा राहतो.

बालकवींची ‘औदुंबर’ तुम्ही कितीतरी वर्षे शिकवली असेल. अवघ्या आठ ओळी. निळासावळा झरा, चार घरांचे गाव, शेतमळे, आणि हिरव्या कुरणांमधून काळ्या डोहाकडे जाणारी पांढरी पायवाट. शेवटी ‘पाय टाकुनी जळांत बसला असला औदुंबर’. या आठ ओळींवर मराठी समीक्षकांनी पिढ्यान्‌पिढ्या वाद घातले आहेत: हे नुसते निसर्गचित्र आहे, की उदासीनतेचे, की विरक्तीचे, की मृत्यूच्या चाहुलीचे? कवी १९१८ साली, अठ्ठाविसाव्या वर्षी, रेल्वेच्या अपघातात गेला, ही माहितीही काहींनी त्या डोहात नकळत मिसळली. परंतु कविता पुन्हा वाचा आणि पाहा, तिच्यात लपवलेले असे काहीच नाही. प्रत्येक वस्तू जागच्या जागी, तिच्या रंगासह, भर उजेडात ठेवलेली आहे. वाट कुठून कुठे जाते तेही सांगितले आहे. इतके सगळे सांगूनही जे उरते, तेच तिचे गूढ. तुमच्या कवितांत नेमके उलटे झाले आहे: वस्तू धूसर आहेत आणि मागे दडलेली घटना मात्र ठसठशीत आहे. ‘उमगत नाही’ असे संपादक म्हणतात तेव्हा त्यांना आत्याची हकिगत हवी असेल असे मला वाटत नाही. त्यांना आड दिसायला हवा आहे. ‘उलगडून लिहा’ याचा अर्थ ‘उघड करा’ असा तुम्ही घेतलात, आणि तिथून तुमची रात्रीची झोप उडाली.

हकिगत न सांगता दुःख पुरेपूर सांगता येते, याचा पुरावा मराठीत बाहेरून आणावा लागत नाही. इंदिरा संत यांचे पती १९४६ साली गेले. पुढच्या ‘शेला’, ‘मेंदी’ आणि ‘मृगजळ’ या संग्रहांमधून विरह सतत वाहतो, पण त्यात कुणाच्या आजारपणाचा वृत्तान्त नाही, घरातल्या माणसांवर ठपका नाही; आहेत त्या अंगणातल्या, स्वयंपाकघरातल्या, पावसाळ्यातल्या वस्तू, जवळून पाहिलेल्या. त्यांना कुणी भित्रे म्हणणार नाही. आणि त्यांच्याही कितीतरी आधीपासून जात्यावर बसलेल्या बायकांनी हेच केले आहे. पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी प्वातवँ या अभ्यासकांनी गावोगावच्या सहकाऱ्यांसह एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. त्या वाचताना जाणवते की सासर, सवत, नवऱ्याचा जाच, माहेरची ओढ हे सगळे बाईने पहाटेच्या अंधारात मोठ्याने गाऊन टाकले आहे. जात्याच्या घरघरीत सासूला ते ऐकू येत असे आणि तरीही ते कुणाला उद्देशून म्हटले असे धरले जात नसे. आपल्या आजीच्या ओव्या तुम्हाला आठवतात का? पत्रात तुम्ही त्याबद्दल काही लिहिलेले नाही. एखादी अर्धीमुर्धी आठवली तरी ती लिहून ठेवा. त्या घरात आत्याबद्दल एखादा शब्द उच्चारला गेला असेल तर तो बहुधा जात्यावरच.

पाण्याविषयी आणखी एक गोष्ट, जी तुमच्या पिढीच्या आणि माझ्याही घरातल्या कवितेतून फार वेळा निसटली आहे. आपण पाण्याला अंतर्मनाची, खोलीची, शांततेची प्रतिमा करून ठेवतो ते बहुधा अशा घरात वाढल्यामुळे, जिथे पाणी हाताशी होते. २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्यावर डॉ. आंबेडकर आणि त्यांच्याबरोबरचे लोक ओंजळभर पाणी प्यायले तेव्हा पाण्यात काही दडलेले नव्हते. नकार होता, आणि तो दिवसाढवळ्या होता. त्यानंतरही पुष्कळ गावांत पाणवठे वेगळेच राहिले. तुमची आजी आडाकडे पाठ फिरवून देवळाजवळच्या विहिरीवर गेली. तिच्यासाठी ती विहीर खुली होती. त्याच गावात आणखी कुणाला ती तशी खुली होती, हे तुम्हाला आठवते का? कवितेत हे सगळे आलेच पाहिजे असे मी म्हणत नाही. पण ‘पाणी’ असा एकच गोल शब्द लिहिण्याऐवजी कुणाचे पाणी, कुठले, कुणी भरलेले, एवढे स्वतःला विचारले तरी प्रतिमेला वजन येते, आणि आजी रोज ज्या वाटेने गेली ती वाटही डोळ्यांपुढे उभी राहते.

आता अधिकाराचा प्रश्न. इथे मला तुमचे आणखी एक गृहीतक हलवून पाहावेसे वाटते. घरचे सत्य आपल्याजवळ आहे आणि ते सांगायचे की नाही एवढेच ठरवायचे उरले आहे, असे तुम्ही धरले आहे. पण तुमच्याजवळ आहे ते आजीचे एक वाक्य. ‘तिचा पाय घसरला नव्हता.’ त्यात काय घडले नाही ते आहे. काय घडले ते नाही. ती आपणहून गेली, की तिला तिथवर ढकलणारे काही सासरी किंवा माहेरी घडले होते, की आजी अखेरच्या आजारात स्वतःला दोष देत होती, यातले काहीही त्या वाक्यावरून ठरत नाही. ५१ वर्षांनी ते ठरेलच असेही नाही. म्हणून घटनेचा निवाडा करणारी कविता तुम्ही लिहू नये, असे माझे मत आहे; ती घरासाठी धोक्याची ठरेल म्हणून हे म्हणत नाही, तर ती खरी असल्याची हमी तुम्हाला देता येणार नाही म्हणून. याउलट पाच वर्षांच्या मुलीने पाहिलेली फरशी, एकोणीस वर्षांच्या मुलीच्या कानावर पडलेले वाक्य, आणि ते पोटात ठेवून जगलेली ३७ वर्षे ही संपूर्णपणे तुमची आहेत. त्यांच्याविषयी लिहायला कुणाची परवानगी लागत नाही.

मात्र तुमच्या कवितेचा परिणाम तुमच्यापुरता राहणार नाही, आणि इथे मला आपल्या जमिनीखालचे पाणी आठवते. महाराष्ट्राचा बहुतेक भाग काळ्या बेसाल्ट खडकाचा आहे. या खडकात पाणी अखंड तळ्यासारखे साठलेले नसते. ते भेगांतून, सांध्यांतून, कुजलेल्या खडकाच्या थरातून वाट काढत येते आणि विहिरीला पुष्कळदा बाजूने लागते. म्हणून एकाने उपसा वाढवला की शेजारच्या विहिरीचे पाणी खाली जाते, जरी दोन्ही विहिरींचे मालक वेगळे असले आणि दोघांमध्ये कुंपण असले तरी. तुमच्या घरातल्या चार माणसांचे तसेच आहे. तुम्ही एका बाजूने उपसायला सुरुवात केली आहे. बाकी तिघांकडे काय होते आहे ते पाहिले पाहिजे.

या तिघांत पहिला हक्क आतेबहिणीचा आहे, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. ज्या बाईविषयी तुम्ही लिहिता ती तिची आई आहे, आणि आपल्या आईविषयीची गोष्ट तिला दिवाळी अंकातून कळावी, किंवा एखाद्या नातेवाइकाने अंक वाचून फोन करावा, यासारखे दुःख नाही. पण म्हणून उद्याच तिला सगळे सांगून मोकळे व्हा, असेही मी म्हणणार नाही. ओझे उतरवण्याची आपली घाई दुसऱ्याच्या डोक्यावर ओझे ठेवते. तिच्याकडे सुरुवात तिच्या आईच्या जगण्यापासून करा. तुम्ही पाच वर्षांच्या होतात. आत्या वेणी कशी घालायची, काय गुणगुणायची, तुमच्या हातावर काय ठेवायची, जे आठवेल ते तिला सांगा. बडोद्याला जाऊन, समोर बसून, दोन दिवस हाताशी ठेवून सांगा. फोनवर नको आणि लग्नसमारंभाच्या गर्दीत तर मुळीच नको. मग तिलाच विचारा: ‘तुझ्या आईच्या जाण्याविषयी आजीने मला एक वाक्य सांगितले होते. ते तुला ऐकायचे आहे का?’ ती ‘नको’ म्हणाली तर तिथेच थांबा, आणि त्या ‘नको’चा मान कवितेतही राखा. ती ‘हो’ म्हणाली तर फक्त ते वाक्य सांगा. तुमचे तर्क त्याला जोडू नका. तिला कदाचित हे पूर्वीच कळलेले असेल. अशा घरांत पुष्कळदा ज्याच्यापासून लपवले जाते त्यालाच सर्वांत आधी ओल लागलेली असते.

वडिलांविषयी थोडक्यात सांगते. त्यांची ती धाकटी बहीण होती. ८४ व्या वर्षी त्यांची उलटतपासणी घेऊ नका, आणि त्यांच्या वयाचे कारण पुढे करून त्यांना वगळूही नका. ‘आत्या लहानपणी कशी होती?’ एवढे विचारून त्यांच्याजवळ बसा. ते बोलतील तितके ऐका. ते गप्प राहिले तर त्या गप्प राहण्यातही त्यांच्या सोबत बसा.

आणि आता तुमचे भाऊ. त्यांच्या ‘अब्रू’ या शब्दाने तुम्ही दुखावला आहात, आणि पत्रात त्यांच्याविषयी थोड्या कडवट ओळी आहेत. पण तुम्ही दिलेल्या वर्षांचा हिशेब केला तर त्या दिवशी ते नऊ वर्षांचे होते. पाच वर्षांच्या मुलीला घरातल्यांनी शेजारी नेऊन बसवले, असे तुम्ही लिहिता. नऊ वर्षांच्या मुलाला कुठे नेले? तो तिथेच, परसात असेल का? गावातल्या माणसांनी आडात गळ टाकलेले त्याने पाहिले असतील का? वर्षभराने मांडवाला बांधलेला दोर त्याने ओळखला असेल का, ज्या मांडवाखाली त्याला पाटावर बसवून अक्षता टाकल्या? मी हे सगळे तर्काने लिहिते आहे आणि चुकतही असेन. तरीही ‘अब्रू’ म्हणून जे तुमच्या कानावर आले ते कदाचित एका नऊ वर्षांच्या मुलाचे, आजवर कुणी न विचारलेले भय असेल, ही शक्यता मनात ठेवून त्यांच्याकडे जा. तुमच्याजवळ आजीचे वाक्य आहे. त्यांच्याजवळ काय आहे हे तुम्ही कधी विचारले नाही, आणि त्यांनीही तुम्हाला विचारले नाही.

ज्या वाचकांच्या वह्यांत असेच एखादे घरचे दुःख डोह किंवा नदी होऊन पडून आहे, त्यांनाही मला सांगायचे आहे की कविता ही बोलण्याची जागा घेऊ शकत नाही. ज्या माणसाशी समोरासमोर बोलायला हवे, त्याला उद्देशून लिहिलेली कविता छापून आली म्हणजे बोलणे झाले, असे मानण्याचा मोह फार मोठा असतो. आधी बोला, मग छापा. आणि बोलणे शक्यच नसेल, माणूस हयात नसेल किंवा दार लावून बसला असेल, तर निदान छापण्यापूर्वी एक वर्ष वही मिटून ठेवा. वर्षाने तीच कविता परकी वाटली तर तिच्यात किल्ली उरली होती असे समजा. शिवाय असे लिहिताना जुने काही उसळून आले, स्वतःच्या जगण्याविषयी काळे विचार येऊ लागले, तर वही बाजूला ठेवून जवळच्या माणसाला हाक मारा किंवा ‘टेली-मानस’ या सरकारी मानसिक आरोग्य सेवेच्या १४४१६ या मोफत क्रमांकावर बोला, तो रात्रंदिवस चालू असतो आणि तिथे मराठीतही बोलता येते.

तुमच्यापुढे तीन वाटा होत्या: आहे तसे छापू देणे, सगळे उघड लिहिणे, किंवा कविता मागे घेऊन गप्प बसणे. पहिली मला कवितेसाठी मान्य नाही, दुसरी आतेबहिणीसाठी, आणि तिसरी तुमच्यासाठी. म्हणून संपादकांना आजच कळवा की या पाच कविता यंदा देत नाही, नव्याने लिहिते आहे, पुढच्या वर्षी पाठवीन. एवढ्याने कुणी संपादक नाराज होत नाही. वेळेवर कळवले की त्यांना पाने लावायला सोपे जाते. नव्याने लिहिताना ‘तळ’, ‘डोह’ आणि ‘चंद्र’ हे तीन शब्द काही दिवस वापरू नका. फरशीपासून सुरुवात करा. ती तापायची का? तिच्यावर पापड वाळत घातले जात होते का, की तिच्यावर कुणी बसत नसे? पावसाळ्यात तिच्या कडेने ओल यायची का? नळ आला त्या दिवशी आजीने पहिली कळशी कुठे नेली?

भावांकडे जाल तेव्हा कवितांचा विषय काढू नका, आणि अब्रूचाही नको. तो दोर पुढे कुठे गेला हे तुमच्या पत्रात नाही. त्यांना तेवढेच विचारा.